माणदेशाचे निसर्गचित्र कोणी काढले?

औंधला यमाईच्या डोंगरवाटेवर श्री भवानी संग्रहालय आहे. १९३८ साली ते बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी उभारले. बाळासाहेब (१८६८-१९५१) स्वतः चित्रकार. त्यांचे ‘चित्ररामायण’ १९१६ साली प्रसिद्ध झाले. रविवर्मा, धुरंधर पाहत मी तिथे दोन वेळा फिरलो. शोधत होतो ते एकच, बाहेर दिसणारे उघडे माळरान. माझ्या मनावर तरी त्याचे एकही चित्र ठसले नाही.

याचे नवल वाटू नये. आपल्याकडचे निसर्गचित्रण जलरंगात वाढले आणि त्याला पाणी लागते. वाईचे घाट, कृष्णेचे पात्र, महाबळेश्वरचे धुके, एवढी सामग्री पश्चिम साताऱ्याने हाताशी दिली. पूर्वेकडे पावसाच्या पडछायेत मात्र ‘देखावा’ म्हणावा असे काही समोर येत नाही. बाभळ, खडक, मेंढरांची वाट. तिथे रंग कामाला येत नाही, रेघ लागते.

ही रेघ ज्याच्या हाती होती तो याच संस्थानचा. व्यंकटेश माडगूळकर (१९२७-२००१) माडगूळचे. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले. औंध साताऱ्यात राहिले, तर आटपाडी-माडगूळ दक्षिण साताऱ्यात, म्हणजे आजच्या सांगलीत गेले. तात्यांना चित्रकलेचा नाद होता, स्वतःच्या लेखनासोबत ते रेखाटनेही करीत. ‘माणदेशी माणसं’ला (१९४९) आपण सरसकट ‘शब्दचित्रे’ म्हणतो. त्यातला ‘चित्रे’ हा शब्द समीक्षकांनी कधी गांभीर्याने घेतला नाही, ही माझी जुनी तक्रार. माणूस उभा करताना त्यांना पार्श्वभूमी रंगवावी लागत नाही. धोतराचा मळका सोगा आला की मागचा माळ आपोआप येतो. चित्रकार कागद कोरा सोडतो, तसे ते वाक्य सोडतात.

आता ‘बनगरवाडी’ (१९५५). तिचा निवेदक वाडीचा नाही, नेमणूक होऊन आलेला मास्तर आहे. मला हे फार महत्त्वाचे वाटते. गावच्या धनगराला माळ दिसत नाही, तो त्यात राहतो. पाहणारा लागतो तो पायी चालत आलेला परका. मास्तर वाडीकडून तालीम बांधून घेतो आणि उद्घाटनाला संस्थानचे राजेसाहेब येतात. सूर्यनमस्कारांचे वेड असलेला तो राजा कोण, हे औंधकर वाचकाला सांगावे लागत नाही. ज्याच्या संग्रहात मी माळरान शोधत होतो, तोच असा त्या माळरानाच्या चित्रात येऊन उभा राहतो.

पण दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात आणि माणसे वाडी सोडून जातात. मास्तरही जातो. आपलेपणा म्हणजे मुळे घट्ट रोवणे, असे प्रादेशिक साहित्याविषयी बोलताना आपण गृहीत धरतो. या कादंबरीत मुळे धरायला ओलच नाही. खुद्द तात्यांचे आयुष्यही बरेचसे पुण्यात, आकाशवाणीच्या नोकरीत गेले.

संग्रहालयातून बाहेर आल्यावर मी पूर्वेला तोंड करून थोडा वेळ उभा राहिलो. आटपाडी तिथून दिसत नाही. ऊन फार होते.