दारे बंद केली, गर्दीचे काय?

कल्याणहून कर्जतच्या बाजूला निघाले की पहिले स्थानक विठ्ठलवाडी. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर करत सकाळची लोकल येथे पोहोचते तेव्हा ती आधीच भरलेली असते. त्यामुळे लोकलविषयीच्या कोणत्याही निर्णयाची खरी परीक्षा अशा स्थानकावर होते.

९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींशेजारून जाताना दारात लोंबकळणारे प्रवासी खाली पडले. चौघांचा त्याच दिवशी मृत्यू झाला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप मिटणारी दारे बसवण्याचे रेल्वेने जाहीर केले. त्याआधी, ऑगस्ट २०२२ मध्ये, काही साध्या फेऱ्यांच्या जागी वातानुकूलित फेऱ्या आल्या तेव्हा कळवा आणि बदलापूर येथे प्रवाशांनी निदर्शने केली आणि त्या फेऱ्या मागे घ्याव्या लागल्या. दोन्ही वेळी चर्चा झाली ती डब्याची: दार, भाडे, गारवा. रुळावर एका तासात किती गाड्या मावतात, हा प्रश्न मात्र मागेच राहिला.

मिटलेल्या दारातून माणूस पडणार नाही, हे खरे. पण जो बाहेर लोंबकळत होता तो आता आत मावेल किंवा फलाटावर राहील. तिसरा मार्ग नाही. शिवाय दार मिटल्याशिवाय गाडी हलणार नाही. समजा, दर ३ मिनिटांनी एक याप्रमाणे तासाला २० गाड्या सुटतात. गर्दीमुळे प्रत्येक गाडी ३० सेकंद जास्त थांबली आणि दोन गाड्यांमधले अंतर साडेतीन मिनिटे झाले, तर तासाला १७ गाड्याच जातील. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेला उपाय, जागा न वाढवता केला तर, गर्दीच वाढवेल.

ही जागा कमी का पडते? कर्जतच्या बाजूला लोकल, पुण्याकडच्या एक्स्प्रेस आणि मालगाड्या त्याच दोन रुळांवरून धावत आल्या आहेत. आता एक हिशेब करू. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. बदलापूर ते कल्याण लोकलला २० मिनिटे लागतात, न थांबणाऱ्या एक्स्प्रेसला १२, आणि दोन गाड्यांत किमान ४ मिनिटांचे अंतर हवे. ०, ४, ८, १२, १६ अशा मिनिटांना लोकल सुटू शकतात. शून्य मिनिटाला सुटलेली लोकल २० व्या मिनिटाला कल्याणला पोहोचते. तिच्यामागची एक्स्प्रेस २४ च्या आधी पोहोचता कामा नये. म्हणून ती १२ व्या मिनिटालाच सुटेल आणि पुढची लोकल १६ व्या. एका एक्स्प्रेसने तीन लोकलची जागा घेतली! दोष एक्स्प्रेसचा नाही. वेगवेगळ्या वेगांच्या गाड्या एकाच रुळावर घालण्याचा आहे.

म्हणूनच कल्याण–बदलापूर तिसरी व चौथी मार्गिका महत्त्वाची. तिला मार्च २०१९ मध्ये मंजुरी मिळाली. नवी मुंबईकडे जाणाऱ्यांना ठाण्याला न जाता पोहोचवणारा ऐरोली–कळवा जोडमार्ग तर २०१६ चा. तो पुनर्वसनाच्या प्रश्नात वर्षानुवर्षे अडकला. या कामांना फीत कापण्याच्या दिवसापर्यंत कोणी विचारत नाही. दारांची घोषणा लगेच होते, रुळांची वाट माणसे वर्षानुवर्षे पाहतात.

केवळ चार रूळ टाकूनही भागणार नाही, हेही सांगितले पाहिजे. कल्याणला कसाऱ्याकडच्या गाड्या येऊन मिळतात. नळाची एक शाखा रुंद केली तरी पुढचा मुख्य नळ तेवढाच असेल, तर पाणी वाढत नाही. तेव्हा कल्याणचे यार्ड, सिग्नल यंत्रणा आणि पुढची मार्गिका यांचा विचार एकत्रच व्हायला हवा.

हा विषय वर्गात घेता येईल. लोकलचे वेळापत्रक घ्या. आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर अंतर घेऊन प्रत्येक गाडीची रेषा काढा. जास्त चढाची रेषा जलद गाडीची. दोन रेषा कोठे जवळ येतात, कोठे मोठी मोकळी जागा राहते, हे मुलांना स्वतः दिसेल. रेल्वेचे नियोजनही अशाच आलेखांवर होते. तो वाचता येणारा नागरिक नव्या गाडीची घोषणा ऐकल्यावर विचारेल: ही रेषा कोणत्या मोकळ्या जागेत बसणार, आणि कोणाची रेषा पुसून?