सुरतेचा जोडा

हेन्री नेव्हिन्सन यांचे १९०८ साली प्रसिद्ध झालेले 'द न्यू स्पिरिट इन इंडिया' हे पुस्तक आम्ही नुकतेच पुन्हा वाचले. सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल व मवाळ यांची फाटाफूट झाली, तिचे हे प्रत्यक्ष पाहिलेले वर्णन होय. २७ डिसेंबर १९०७ रोजी टिळक व्यासपीठावर हटून उभे राहिले. इतक्यात सभेतून आलेला मराठी जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जींना लागून फिरोजशहा मेहतांवर आदळला. चित्र ठसठशीत उतरले आहे, आणि म्हणूनच ते वाचकास चकविते. एकीकडे क्रांती, दुसरीकडे अर्जविनंत्या, अशी सोपी वाटणी मनात रुजते. वस्तुतः जोडा लागला तो नगरकारभारात झुंजलेल्या दोघांना. मुंबईचा १८८८ चा महापालिका कायदा घडविण्यात मेहतांचा मोठा वाटा होता. कलकत्त्यात लोकप्रतिनिधींचे अधिकार छाटले गेले तेव्हा, १८९९ साली, बॅनर्जींसह २८ सभासदांनी राजीनामे दिले. यास अर्जविनंती कोण म्हणेल? आणि टिळक? तेही पुणे नगरपालिकेचे सभासद होऊन गेलेले!

मवाळांचा मार्ग आम्ही निर्दोष मानीत नाही. गोखल्यांचे प्राथमिक शिक्षणाचे सौम्य विधेयकही १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. अशाने लोकांचा धीर सुटला, तर दोष कोणाचा?

पुढे त्याच सुरत जिल्ह्यात, १९२८ साली, बारडोलीच्या शेतकऱ्यांनी वाढीव सारा भरण्याचे नाकारले. सरकारास चौकशी नेमावी लागली व सुमारे २२ टक्क्यांची वाढ सहाच्या आसपास आली. हे बंड म्हणावे की हिशेबतपासणी? त्या लढ्याचे नेते वल्लभभाई पटेल त्याच वर्षापर्यंत अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष होते.