फार नॉटी आहे हो!

नाशिकच्या गंगापूर रोडवर कोणत्याही घरी चहाला जा. चिरंजीव तुमचा चष्मा ओढतात, बशीतला चिवडा तुमच्याच झब्ब्याच्या खिशात भरतात, आणि मातोश्री कौतुकाने म्हणतात, "फार नॉटी आहे हो!" एवढे म्हटले की प्रकरण मिटले. वाकडा झालेला चष्मा तुमचा.

माझी तक्रार पोराबद्दल नाही, शब्दाबद्दल आहे. मराठीत या मंडळींची काय सुरेख वर्गवारी होती! खोड्या काढतो तो खोडकर, एका जागी ठरत नाही तो अवखळ, घरात टिकत नाही तो उनाड, मोठ्यांना उलटून बोलतो तो उद्धट आणि विचारण्याआधीच बोलतो तो आगाऊ. जणू भाड्यासारखी अक्कलही आधीच भरून ठेवलेली! 'द्वाड' तर आजीच्या तोंडी निम्मी शिवी नि निम्मा मुका. हे सगळे मोडीत घालून आपण एक 'नॉटी' घेतला.

बरे, त्याचे कूळ तरी काय? मूळ शब्द 'नॉट', म्हणजे शून्य. नॉटी म्हणजे आधी कफल्लक, शेक्सपिअरच्या काळी दुष्ट, आणि पुढे घसरत घसरत दंगेखोर बाळ.

जर्मनांचे पाहा. आगाऊ पोराला ते 'नाझेवाइस' म्हणतात. शब्दशः नाकाने शहाणा! मुळात हा शब्द वास काढण्यात तरबेज अशा शिकारी कुत्र्याचा. शूर्पणखेच्या नाकावरून गावाचे नाव सांगणाऱ्या आम्हा नाशिककरांनी तो दत्तक घ्यायला हरकत नाही. पण त्यांचा खरा शब्द 'उनगेत्सोगेन'. त्याच्या मुळाशी असलेल्या क्रियापदाचा अर्थ ओढणे, आणि मूल वाढवणेही. म्हणजे ज्याला नीट वाढवायचे राहून गेले तो. आपल्या 'बिनवळणाचा'चा हा सख्खा भाऊच. जर्मन ओढतो, मराठी माणूस वळवतो; पण दोघांचेही बोट पोरावरून हळूच आईबापांकडे सरकते. वळण लावायचे कुणी राहिले?

गोम इथेच आहे. 'नॉटी'चे बोट कुणाकडेच जात नाही. तो सर्दीसारखा, झाला तर झाला.

साने गुरुजींनी १९३३ साली 'श्यामची आई' लिहिली ती नाशिकच्याच तुरुंगात. तिच्यातला श्याम काही गरीब गाय नव्हता. पोहायला जायचे टाळून लपून बसला, तेव्हा आईने त्याला शिंपटीने बाहेर काढले. मी शिंपटीची वकिली करीत नाही. ती गेली ते बरेच झाले. पण "श्याम फार नॉटी आहे हो" म्हणून त्या माउलीने पाहुण्यांना चहा दिला असता, तर पुस्तक पहिल्याच रात्री संपले असते!

शिंपटी नको, पण शब्द तरी ठेवा. द्वाड असेल त्याला द्वाड म्हणा, आगाऊ असेल त्याला आगाऊ आणि उद्धट असेल त्याला उद्धटच. आपण नेमके काय केले ते पोराला त्या शब्दातून कळते. 'नॉटी'तून त्याला एवढेच कळते, की आई हसते आहे.