न खणता वाचलेले नगर

रोमच्या उत्तरेस सुमारे ५० किलोमीटरांवर फालेरी नोव्ही हे प्राचीन नगर आहे. आज तेथे उभे दिसतात ते तट, शेते आणि बाराव्या शतकातील सिस्टर्शियन मठाचे सांता मारिया चर्च. शेतांखाली मात्र ३०.५ हेक्टरांचे रोमन नगर निजलेले आहे. केंब्रिज व गेंट विद्यापीठांच्या संशोधकांनी कुदळ न मारता त्याचा नकाशा सिद्ध केला आणि २०२० साली ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात तो प्रसिद्ध केला. लीव्हेन व्हरडॉंक, मार्टिन मिलेट आणि सहकाऱ्यांच्या त्या लेखाचा परामर्श येथे घ्यावयाचा आहे. नकाशा हाही एक ग्रंथच. तो काय सांगतो याबरोबर काय सांगू शकत नाही हेही पाहिले पाहिजे.

पद्धत थोडक्यात अशी. चार चाकांच्या मोटारसायकलीमागे रडारची यंत्रे जोडून सारे शेत पालथे घातले. दर साडेबारा सेंटिमीटरला एक नोंद. रेडिओलहरी जमिनीत शिरतात, भिंतीवर वा फरशीवर आदळून परततात आणि परतीच्या वेळावरून खोली कळते. १९९०च्या दशकाअखेरीस येथेच झालेल्या चुंबकीय सर्वेक्षणाने रस्ते व घरांची आखणी दाखविली होती; रडारने तीत खोली आणली. नाट्यगृह, बाजार, स्नानगृहे, देवालय असे सारे उमटले. उत्तर वेशीपाशी तर दुसरीकडे सहसा न आढळणारी एक भव्य स्तंभयुक्त वास्तू निघाली.

आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते ते पाण्याच्या नळांविषयीचे विवेचन. नळ केवळ रस्त्यांच्या कडेने नव्हे, तर घरांच्या ओळींखालून गेले आहेत. म्हणजे घरे उठण्यापूर्वीच नळांची योजना झाली असावी. नुसत्या आकृतीतून आधी काय व मग काय हे काढणे, ही खरी विद्वत्ता! मात्र किती आधी, ते रडार सांगत नाही.

आमचा आक्षेप येथेच आहे. तो लेखकांवर कमी आणि ‘न खणता नगर उलगडले’ म्हणून आनंदाने नाचणाऱ्यांवर अधिक. नगराची स्थापना इ. स. पूर्व २४१ मध्ये झाली, हे लहरींनी कळविलेले नाही. रोमने फालिस्कन लोकांचे बंड मोडून त्यांना डोंगरावरील जुन्या गावातून सपाटीवर आणले, ही हकिगत झोनारास या बाराव्या शतकातील ग्रीक इतिहासकाराने नोंदविली आहे. शतकाशतकांच्या भिंती नकाशावर शेजारी शेजारी दिसतात. कोणती आजोबांची, कोणती नातवाची, हे उमगत नाही. घर सोडून जाताना त्या कुटुंबांस काय वाटले, हे तर विचारूच नये.

बरे, वाचन यंत्र करीत नाही, माणूसच करतो. एका हेक्टरच्या नोंदी नीट मांडण्यास सुमारे २० तास लागतात, असे संशोधकच म्हणतात. नाट्यगृहाचा अर्धवर्तुळाकार ओळखण्यात चूक होणे कठीण. ‘देवालय’ किंवा ‘बाजार’ ही नावे मात्र इतरत्र खणलेल्या नगरांशी साम्य पाहून दिलेली आहेत. म्हणजे न खणलेले नगर वाचण्याची लिपी पॉम्पेईसारख्या खणलेल्या नगरांनीच शिकविली. लेखात हे ऋण अधिक ठळकपणे यावयास हवे होते.

तरीही उत्खननाने जे उकरले ते पुन्हा पूर्ववत होत नाही. नकाशाने एक ढेकूळही हलविले नाही. त्या नळांवरील एखाद्या घराच्या पायाशी, नकाशा पाहून नेमका, एक लहानसा खड्डा घ्यावा. तेथे सापडलेले खापराचे चार तुकडे नळांचा काळ सांगू शकतील.