मारिओंची बयाज

उर्दू माध्यमाच्या शाळेतील उर्दू पुस्तके उजवीकडून उघडतात. इंग्रजीचे डावीकडून. मलकापूरच्या आमच्या घरात चाचांच्या वेळचे बालभारतीचे एक जुने इंग्रजी पुस्तक होते. त्यातले धडे आम्हाला वाचता येत नव्हते, चित्रे मात्र वाचता येत होती. टपोऱ्या डोळ्यांची, लांब नाकांची माणसे आणि रेषांनी भरून टाकलेले कपडे आम्ही तासन्‌तास पाहत बसायचो. ही चित्रे काढणारे गृहस्थ मारिओ मिरांडा होते, हे आम्हाला शिक्षक झाल्यावर कळले. महाराष्ट्रातील दोन-तीन पिढ्यांची त्यांच्याशी पहिली ओळख अशीच, नाव न कळता, पाठ्यपुस्तकातून झाली आहे.

एका उन्हाळी सुट्टीत गोव्याला जाणे झाले आणि मारिओंच्या रोजनिशीचे छापील खंड हाती आले. १९४९, १९५० आणि १९५१ या तीन वर्षांच्या या रोजनिशा आहेत. आम्ही चित्रकलेचे जाणकार नाही. बी.एड.च्या वेळी फलकलेखनाला मिळालेले गुण एवढीच आमची कमाई. तरीही या पानांविषयी लिहावेसे वाटते, कारण त्यांत एक प्रश्न दडलेला आहे आणि तो थेट आपल्या समाजापर्यंत येऊन पोहोचतो.

आधी चरित्र थोडक्यात. मारिओंचा जन्म २ मे १९२६ रोजी दमण येथे झाला. वडिलोपार्जित वाडा दक्षिण गोव्यातील लोटली गावचा. श्याम बेनेगल यांनी ‘त्रिकाल’ (१९८५) हा चित्रपट याच वाड्यात चित्रित केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातून मारिओ इतिहास घेऊन पदवीधर झाले. चित्रकलेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नाही. काही वर्षे जाहिरात संस्थेत काम केले, मग नियतकालिके आणि वर्तमानपत्रे. १९५९ मध्ये गुल्बेंकियन शिष्यवृत्तीवर पोर्तुगाल, तिथून काही वर्षे लंडन, पुन्हा मुंबई आणि अखेर लोटली. पत्नी हबीबा हैदराबादच्या हैदरी घराण्यातील. पद्मश्री, पद्मभूषण हयातीत मिळाले. ११ डिसेंबर २०११ रोजी निधन झाल्यावर २०१२ मध्ये पद्मविभूषण जाहीर झाले.

आता रोजनिशीकडे वळू. लहानपणी मारिओ घराच्या भिंती रंगवून ठेवत. आईने रागे भरण्याऐवजी त्यांना एक कोरी वही आणून दिली. त्यांच्या कलाजीवनाचा पाया या वहीत आहे, असे आमचे मत आहे. पाद्रींची चित्रे काढली म्हणून शाळकरी वयात बोलणी खावी लागली, पण वही सुटली नाही. पंचविशीपर्यंत ती सवय इतकी मुरली की दिवस संपला की त्या दिवसाचे चित्र काढायचे आणि शेजारी हाताने चार ओळी लिहायच्या, हा जणू नेमच झाला. त्यात फार मोठ्या घटना नाहीत. लग्न, गावचा उत्सव, पाहुण्यांची वर्दळ, मित्रांबरोबरची भटकंती, एखादा कंटाळवाणा दिवससुद्धा. मात्र पानावरचा माणूस ‘कोणीतरी’ नसतो. तो अमक्या घरचा, अमक्या सवयीचा, ओळखीचा माणूस असतो.

आपल्याकडे याला जवळचा एक शब्द आहे : बयाज. आपल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांकडे अशी वही असायची. आवडलेला शेर, मुशायऱ्यात ऐकलेली गझल, कोणाच्या निकाहच्या वेळचा सेहरा असे सगळे त्यात उतरवून ठेवलेले असायचे. ती छापण्यासाठी नसे. स्वतःसाठी आणि फार तर दोस्तांसाठी असे. मारिओंची रोजनिशी ही अशीच रेषांची बयाज आहे.

दोस्तांचा उल्लेख आला तो सहज नाही. मारिओंच्या कलेत मैत्रीला मोठे स्थान आहे. उमेदवारीच्या काळात ते मित्रांसाठी पोस्टकार्डांवर चित्रे काढून देत आणि त्यावर थोडेफार पैसे मिळवत. पुढे ‘टाइम्स’मध्ये आर. के. लक्ष्मण यांच्यासारखा सहकारी लाभला. १९७४ मध्ये अमेरिकेच्या निमंत्रणावरून ते तिकडे गेले, तेव्हा ‘पीनट्स’चे चार्ल्स शुल्झ यांची भेट झाली. मनोहर माळगावकर यांचे गोव्यावरील ‘इनसाइड गोवा’ हे १९८२ चे पुस्तक मारिओंच्या चित्रांनी सजले. विखुरलेली चित्रे गोळा करण्याचे, २००८ मध्ये त्यांचा भला मोठा ग्रंथ काढण्याचे आणि रोजनिशा छापण्याचे काम केले तेही एका मित्राने : वास्तुरचनाकार जेरार्ड दा कुन्हा यांनी. ते नसते तर या वह्या आमच्यासारख्या मलकापूरच्या मास्तरपर्यंत कशा पोहोचल्या असत्या?

इथपर्यंत कौतुक झाले. आता थोडे परखडपणे लिहावे लागेल. मारिओंची कीर्ती झाली ती वर्तमानपत्रातील पात्रांमुळे : मिस फोन्सेका, रजनी निंबूपानी, मंत्री बंडलदास, कारकून गोडबोले. ही पात्रे हसवतात, यात शंका नाही. पण आज ती पाहताना आम्हाला अवघडल्यासारखे होते. कचेरीतील स्त्री म्हटली की तंग कपडे आणि भरलेले अंग, पुढारी म्हटला की सुटलेले पोट. पहिल्यांदा हसू येते. दहाव्यांदा लक्षात येते की इथे माणूस नाही, साचा आहे. मिस फोन्सेका घरी गेल्यावर काय करते, तिची आई आजारी आहे का, हे चित्रकाराने विचारलेच नाही. वर्तमानपत्राचे काम घाईचे असते आणि वाचकाला क्षणात ओळख पटावी लागते, हे आम्हाला मान्य आहे. तरीही रोजनिशीतील मारिओ आणि वर्तमानपत्रातील मारिओ यांत आम्ही पहिल्याला मोठा मानतो. पहिला शेजाऱ्याकडे पाहून काढतो, दुसरा ठरलेल्या पात्राला आठवून काढतो. मुंबईच्या गर्दीच्या आणि परदेशप्रवासाच्या चित्रांत मात्र पुन्हा पहिला मारिओ भेटतो. तिथे गर्दीतसुद्धा प्रत्येकाला स्वतःचा चेहरा आहे, एखाद्या कुत्र्यालासुद्धा.

हा साच्याचा प्रश्न आपल्या इतका जिव्हाळ्याचा दुसऱ्या कोणाला असेल? मराठी कथेबरोबरच्या चित्रांत, व्यंगचित्रांत, एकात्मतेच्या भित्तिपत्रकांत मुसलमान कसा दिसतो ते आठवून पाहा. दाढी, जाळीची टोपी, चौकड्यांची लुंगी. बाई असेल तर काळा बुरखा आणि दोन डोळे. चित्रकाराचा हेतू वाईट असतोच असे नाही. भित्तिपत्रकातील तो मुसलमान तर हसतमुख असतो. पण तो आमच्या गल्लीत राहत नाही. आमच्या गल्लीतला माणूस जिनिंगमध्ये हमाली करतो, नागपूरची गाडी पकडायला धावतो, मुलीच्या डी.एड.च्या फीसाठी उसने मागतो, मराठीत भांडतो आणि उर्दूत रडतो. त्याचे चित्र कुठे आहे?

तक्रार करणे सोपे आहे आणि ती आपण पुष्कळ केली. आमचे म्हणणे वेगळे आहे. ते चित्र दुसऱ्याने का काढावे? आपल्यापैकी किती जणांच्या हातात मारिओंसारखी वही आहे?

इथे तसवीर जायज की नाजायज हा वाद निघेल याची आम्हाला कल्पना आहे. आम्ही मुफ्ती नाही. या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि ज्याला जे पटते त्याचा आम्ही आदर करतो. पण हजच्या अर्जाला फोटो लावणाऱ्या आणि लग्नाचा व्हिडिओ काढणाऱ्या समाजाने केवळ शाळकरी पोराच्या पेन्सिलीवर सगळी सख्ती करावी, हे आम्हाला उमगत नाही. जहांगीरच्या दरबारातील उस्ताद मन्सूर यांनी पाखरांची चित्रे काढली, ती आजही जग पाहते. पंढरपुरात १९१५ साली जन्मलेले मकबूल फिदा हुसेन मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत पुढे आले. आणि कातिबांची तर आपल्याकडे परंपराच होती. संगणक येईपर्यंत उर्दू वर्तमानपत्रांची पानेच्या पाने कातिबांच्या हातून उतरत. रेषा आपल्याला परकी कधीच नव्हती.

आता एक कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातील एका मुलाने वहीच्या मागच्या पानावर आमचेच चित्र काढले होते. फळ्यासमोर पाठमोरे उभे, खांद्यावर खडूची भुकटी, एका हाताने पाठ खाजवतो आहोत. वर्ग हसला. आम्ही पान फाडले आणि त्याला बाहेर उभे केले. पुढे तो एलिमेंटरीच्या परीक्षेला बसला, पासही झाला. त्या परीक्षेसाठी फुलदाणी आणि नक्षी काढत राहिला. माणसाचे चित्र त्याने पुन्हा आम्हाला कधी दाखवले नाही. लोटलीच्या आईने भिंत खराब झाल्यावर वही दिली, आम्ही वही हातात असताना पान फाडले. मारिओंची रोजनिशी वाचताना सर्वांत जास्त हे बोचले.

चित्रावर पोट भरत नाही, असे पालक म्हणतील. त्यांना आम्ही वसंत सरवटे यांचे उदाहरण देऊ. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंता, सिमेंट कंपनीत नोकरी. आणि तरीही मराठी व्यंगचित्रकलेत त्यांचे नाव अव्वल. पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांना त्यांच्या रेषेची सोबत लाभली. नोकरी आणि वही एकत्र नांदू शकतात.

यंदा आम्ही सातवीच्या मुलांना एकेक कोरी वही दिली. नियम दोनच. रोज एका खऱ्या माणसाचे चित्र काढायचे आणि खाली त्याचे नाव लिहायचे. ज्यांच्या घरी चेहरा काढणे पसंत नाही त्यांनी हात काढावेत, चपला काढाव्यात, दुकान काढावे; पण ते कोणाचे, ते लिहावे. चित्रे वेडीवाकडी आहेत. एकीने आपल्या नानीचे विडी वळणारे हात काढले आहेत. बोटे सहा झाली आहेत, पण अंगठ्याजवळचा चिरा बरोबर जागी आहे. त्या पानाखाली नानीचे पूर्ण नाव आहे. ते तिला उर्दूत कसे लिहायचे हे आम्हाला विचारायला यावे लागले, कारण घरात ते नाव कोणी कधी लिहिलेच नव्हते.