समांतर वास्तवाची किंमत : ‘ग्वाकामेली! २’ आणि ‘गंगाधरपंतांचे पानिपत’

‘इतिहास वेगळा घडला असता तर?’ हा प्रश्न मराठी वाचकाला डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या विज्ञानकथेमुळे परिचित आहे. कोल्हापूर येथे १९ जुलै १९३८ रोजी जन्मलेल्या व २० मे २०२५ रोजी पुणे येथे निवर्तलेल्या या शास्त्रज्ञ-लेखकाने हाताळलेला समांतर वास्तवाचा विषय संगणकीय खेळांतही आढळतो. टोरांटो येथील ड्रिंकबॉक्स स्टुडिओज या स्वतंत्र निर्मितीसंस्थेचा ‘ग्वाकामेली! २’ (२०१८) हा त्याचा ठळक नमुना होय. या दोन कलाकृतींतील समांतर वास्तवाच्या स्वरूपाची तुलना करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

‘ग्वाकामेली! २’ हा उड्या मारीत, अडथळे ओलांडीत पुढे जाण्याचा खेळ आहे. मेक्सिकन लोकपरंपरेतून आलेला त्याचा नायक हुआन हा मुखवटाधारी मल्ल आहे. ज्या काळरेषेत आपला मृत्यू झाला, त्या काळरेषेत त्याला जावे लागते. जिवंतांचे जग आणि मृतांचे जग यांत खेळाडू कळ दाबताच ये-जा करतो. एका जगात नसलेला कठडा दुसऱ्या जगात असतो. म्हणून उडी हवेत असतानाच जग बदलावे लागते. कोणतेही एक जग स्वयंपूर्ण नाही, हे तत्त्व येथे संवादांतून सांगितले जात नाही, ते खेळाडूच्या बोटांना उमगते. हे या खेळाचे खरे यश आहे.

नारळीकरांचे गंगाधरपंत गायतोंडे मात्र स्वेच्छेने जग बदलू शकत नाहीत. पानिपतावर (१४ जानेवारी १७६१) विश्वासराव गोळीतून थोडक्यात बचावले, एवढ्या एका फरकातून उभा राहिलेला वेगळा हिंदुस्थान ते पाहतात. तेथे मराठ्यांचा विजय झाला आहे, तरी मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी टिकून आहे. आणि ज्या कचेरीत मुलगा भेटावा, तेथे तो नाही. विजयालाही किंमत असते, हे त्यातून सूचित होते. आझाद मैदानावरील सभेत ते व्यासपीठावर चढून बोलू लागताच श्रोते त्यांना विरोध करतात आणि ते त्या जगातून नाहीसे होतात. पुरावा म्हणून बखरीचे एक फाटके पान तेवढे उरते.

या तुलनेतून खेळाची मर्यादाही स्पष्ट होते. त्यात काळरेषा बदलते, परंतु त्या बदलाचे परिणाम समाजजीवनात फारसे उमटत नाहीत. वेगळे जग बहुतांशी नवा अडथळा बनून राहते. नारळीकरांकडे कार्यकारणाची साखळी आहे, पण वाचकाला कृतीची मुभा नाही.

पराभूत इतिहास कल्पनेत जिंकून घेण्याचा मोह आजच्या विद्यार्थ्यालाही होतो. खेळ त्याला दोन जगांचे परस्परावलंबन शिकवू शकतो. ‘हे कशावरून?’ हा प्रश्न विचारण्याची सवय मात्र त्या फाटक्या पानाकडूनच घ्यावी लागेल.