भारतीय विवाहसंस्थेचा इतिहास

इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचा, प्राचीन भारतीय समाजातील स्त्रीपुरुषसंबंधांच्या विकासाविषयीचा अपूर्ण ग्रंथ. राजवाडे यांचे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळे येथे निधन झाले. त्यांच्या संग्रहाच्या जतनासाठी १९२७ मध्ये तेथे राजवाडे संशोधन मंडळ स्थापन झाले. प्रस्तुत ग्रंथ त्यांच्या निधनानंतर प्रसिद्ध झाला.

विवाहसंस्था अनादी नसून ती समाजाबरोबर घडत व बदलत आली, हा ग्रंथाचा मुख्य सिद्धांत होय. आदिम काळी स्त्रीपुरुषसंबंध अनिर्बंध होते व पुढे त्यांना क्रमाने मर्यादा पडत गेल्या, असे राजवाडे मानतात. वैदिक सूक्ते, यज्ञविधी, महाभारतातील आख्याने व शब्दांच्या व्युत्पत्ती ही त्यांची साधने. प्रथा लुप्त झाली, तरी विधीत तिचे अवशेष उरतात, ही त्यांची दृष्टी मार्मिक आहे. बदल आणि सातत्य ही दोन्ही त्यांना एकाच विधीत दिसतात.

तथापि साधनांचा विनियोग सर्वत्र निर्दोष नाही. श्वेतकेतूने विवाहमर्यादा घातल्याची कथा आदिपर्वात पांडू कुंतीला सांगतो. तिने नियोगास संमती द्यावी, हा त्याचा हेतू आहे. अशी हेतुपूर्वक सांगितलेली कथा प्रत्यक्ष समाजस्थितीचा साक्षात पुरावा ठरत नाही. ऋग्वेदातील यमयमी संवादात यम बहिणीची मागणी नाकारतो. त्यामुळे हे सूक्त जुन्या प्रथेपेक्षा तत्कालीन निषेधाचेच अधिक स्पष्ट प्रमाण ठरते. भिन्न काळांतील ग्रंथांतून वेचलेली उदाहरणे एका क्रमात बसविल्याने विकासाचा क्रम सिद्ध होत नाही. तो आधीच गृहीत धरला जातो. सर्व मानवसमाज एकाच पायऱ्यांनी गेले, हे मॉर्गनप्रणीत मतही उत्तरकालीन मानवशास्त्राने स्वीकारलेले नाही. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये आप्तसंबंधांची प्रदेशवार मांडणी करून भारतातील विविधता दाखविली.

पुरातत्त्वीय पुरावा राजवाड्यांना फारसा उपलब्ध नव्हता. खानदेशातील प्रकाशे व बहाळ येथील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींची उत्खनने १९५० नंतरच्या दशकात झाली. मात्र घरे, भांडी व दफने यांवरूनही विवाहाचे नियम सहजासहजी कळत नाहीत. त्यामुळे वाङ्मयीन पुराव्याची चिकित्सा अपरिहार्यच राहते.

श्रीपाद अमृत डांगे यांनी १९४९ मधील आपल्या ग्रंथात राजवाड्यांच्या विवेचनाचा आधार घेतला. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी त्या ग्रंथातील पुराव्याच्या हाताळणीवर कठोर टीका केली. राजवाड्यांचे अनेक निष्कर्ष आज ग्राह्य नाहीत. परंतु धर्माने पवित्र मानलेल्या संस्थेलाही इतिहास असतो आणि तो निर्भयपणे तपासता येतो, हा त्यांचा आग्रह मराठी समाजचिंतनात मोलाचा ठरला आहे. ग्रंथाचे महत्त्व त्याच्या उत्तरांपेक्षा त्याने विचारलेल्या प्रश्नांत आहे.